माती वर टाकणारी माणसं

(आपल्या मंडळाच्या नैरोबीतल्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना सुटलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



अध्यक्षांचा फोन आला की यंदा तरुण पिढीतल्या कोणीतरी वीस मिनिटं बोलायचं आहे. अडतिसाव्या वर्षी आपल्याला कोणी तरुण म्हणतंय या आनंदात मी हो म्हणून बसलो. विषय विचारला तर म्हणाले, तुमच्या कामातलं काहीही सांगा, फक्त कॉम्प्युटरबद्दल नको. मागच्या वर्षीच्या वक्त्याने स्लाइड्स दाखवल्या होत्या आणि आरतीला उशीर झाला होता, हे मला आठवतंय. तेव्हा स्लाइड्स नाहीत. मी मातीबद्दल बोलणार आहे.

आता कॉम्प्युटर इंजिनिअरचा आणि मातीचा काय संबंध? तीन वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी आम्ही एक सिस्टिम करत होतो. संस्थेचं नाव नको, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझीच जास्त होती. मका लावणाऱ्या लहान शेतकऱ्यांची नोंदणी करायची आणि त्यांच्या मोबाइलवर एसएमएसने सल्ला पाठवायचा. इथे २००७ साली एम-पेसा आलं तेव्हापासून खेड्यातल्या आजीच्या हातातही फोन असतो, त्यामुळे कल्पना वाईट नव्हती. नोंदणीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: उतारावरच्या शेतात टेरेस आहे का? उत्तर हो किंवा नाही. 'नाही' आलं की सिस्टिम आपोआप मेसेज पाठवणार, की बाई, समपातळीवर चर खणा, माती वाचवा. मला ते डिझाइन फार सुबक वाटलं होतं.

पहिल्या चाचणीसाठी आम्ही मचाकोसच्या डोंगरांत गेलो. नैरोबीपासून साठ-पासष्ट किलोमीटर. मोंबासा रोडने जायचं आणि डावीकडे वळायचं, एवढं आपल्या सगळ्यांना माहीत आहे, कारण मोंबासाला जाताना ती पाटी आपण मागे टाकतो. आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर तिथलाच, कांबा समाजाचा. त्याची आई इवेती डोंगराच्या उतारावर राहते. तो म्हणाला, साहेब, पहिला फॉर्म आमच्या घरीच भरा.

इथे आईला 'मामा' म्हणतात. आपली मुलं भारतात गेली की त्यावरून आजोळी काय गोंधळ घालतात ते मी सांगायला नको. तर या मामा सत्तरीच्या. जमीन अडीच एकराच्या आसपास. वरून खाली पाहिलं तर एकाखाली एक पायऱ्या, प्रत्येक पायरीच्या कडेला हत्तीगवताची दाट रांग, पायरीवर मका आणि मक्यामध्ये तूर. हो, तूर! आपल्या वरणातली. उकांबानी हा तुरीचा मुलूख आहे आणि इथली तूर भारतातही जाते. मका काढून झाला तरी तूर उभी राहते, तिची मुळं खोल जातात आणि कोरड्या महिन्यांत जमीन अगदी उघडी पडत नाही.

आणि सगळ्यात खाली, शेवटच्या पायरीनंतर, अर्ध्या-पाऊण एकराचा एक तुकडा होता. त्यात एकही टेरेस नव्हती. मधोमध माणूस उभा राहील एवढी खोल घळ पडली होती.

मी फॉर्म काढला आणि विचारलं, "मामा, टेरेस आहे की नाही?"

त्या हसल्या. मुलाला कांबा भाषेत काहीतरी म्हणाल्या. त्याने स्वाहिलीत सांगितलं, "ती विचारतेय, कोणत्या जमिनीत?"

माझ्या फॉर्मला दोन उत्तरं चालत नव्हती. मी 'नाही'वर टिचकी मारली. दोन मिनिटांत त्यांच्या फोनवर मेसेज आला. चर कसा खणायचा ते माझ्या सिस्टिमने त्यांना शिकवलं होतं. त्यांनी मुलाकडून तो वाचून घेतला, मग उठून मला हाताला धरून वरच्या पायरीवर नेलं आणि म्हणाल्या, हा मी खणला तेव्हा हा (म्हणजे माझा ड्रायव्हर) पाठीवर होता.

तो चर कसा असतो ते थोडं सांगतो, कारण मला इंजिनिअर म्हणून त्याचा मोह आवरत नाही. त्याला स्वाहिलीत 'फान्या जू' म्हणतात, म्हणजे 'वर कर', 'वर टाक'. उताराला आडवा, समपातळीवर, साधारण दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल चर खणायचा आणि निघालेली माती चराच्या वरच्या बाजूला टाकायची. चढाच्या दिशेला! कोणीही कधी फावडं हातात घेतलं असेल त्याला कळेल की हे किती उरफाटं काम आहे. माती खाली लोटणं सोपं, वर फेकायला कंबर लागते. पण वर टाकलेल्या मातीचा बांध होतो, त्यावर गवत लावतात, आणि वरून पावसाबरोबर येणारी माती त्या बांधाला अडून साठत जाते. चार-सहा वर्षांत बांधामागची जमीन आपोआप सपाट व्हायला लागते. म्हणजे टेरेसचं निम्मं काम पाऊसच करतो. बांधावरून पाणी आलंच तर खालच्या चरात पडतं, म्हणून त्या चरात केळी, पपई लावतात. गवत गाईला, गाईचं शेण पुन्हा पायरीवर. बांधात गेलेली जमीन अशी वसूल होते.

समपातळी कशी काढतात? दोन सारख्या उंचीच्या काठ्या, त्यांच्यामध्ये ताणलेली सुतळी आणि सुतळीच्या बरोबर मध्यावर टांगलेली छोटी पाणसळ. बुडबुडा मधे आला की दोन्ही काठ्यांचे पाय एका पातळीत. एक काठी तिथेच, दुसरी पुढे. बस. माझ्या सिस्टिमचं बजेट किती होतं ते मी इथे सांगणार नाही.

मक्यालाच हे का लागतं, असं कोणी विचारेल. मका ओळींत लावतात, ओळींत अंतर असतं, आणि पहिले पाच-सहा आठवडे रोप लहान असतं. नेमका तेव्हाच पाऊस जोरात. म्हणजे जमीन सर्वांत उघडी आणि सरी सर्वांत मोठ्या, हे एकाच वेळी. एक हेक्टरावरून फक्त एक मिलिमीटर माती वाहून गेली तरी ती सुमारे तेरा टन भरते. एक मिलिमीटर डोळ्याला दिसतसुद्धा नाही. आणि उकांबानीत मातीइतकंच पाणी महत्त्वाचं. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबरचा छोटा पाऊस जास्त भरवशाचा. आपली दिवाळी म्हणजे त्यांची पेरणी. तो पाऊस उतारावरून पळून गेला तर फेब्रुवारीत कणसं नाहीत. पाणी जिथे पडलं तिथेच मुरलं पाहिजे.

आता जरा मागे जाऊ. सिटी मार्केटला भाजी घ्यायला गेलेला प्रत्येकजण मुइंदी म्बिंगू स्ट्रीटवरून गेलेला आहे. हे मुइंदी म्बिंगू कोण? मी इथे दहा वर्षं राहून ते विचारलं नव्हतं. १९३०च्या दशकात मचाकोसची ही हिरवी टेकाडं लाल, उघडी, घळी पडलेली होती. सुपीक जमिनी गोऱ्यांच्या वसाहतीसाठी आरक्षित, कांबांना ठरलेल्या हद्दीबाहेर जायला मनाई, आणि आत माणसं आणि गुरं वाढत चाललेली. सरकारी मृदसंधारण अधिकारी कॉलिन मेहर यांनी १९३७ साली या भागाबद्दल अत्यंत निराशाजनक अहवाल दिला. सरकारने निदान केलं की गुरं फार झाली. मग १९३८ मध्ये हजारो गुरं सक्तीने काढून घेऊन स्वस्तात विकली. अथी रिव्हरला तेव्हा नुकताच मांसाचा कारखाना निघाला होता, हाही योगायोग लक्षात ठेवा. त्यावर मुइंदी म्बिंगू हजाराहून जास्त माणसं, बायकापोरांसकट, घेऊन चालत नैरोबीला आले आणि कित्येक आठवडे इथे तळ ठोकून बसले. वर्ष संपायच्या आत सरकारला ती सक्ती मागे घ्यावी लागली. मुइंदींना मात्र लामू बेटावर हद्दपार केलं.

नंतर सक्ती आली ती चर खणायची. १९४०च्या दशकात गावांनी ठरलेल्या दिवशी सकाळी बांध घालायला हजर राहायचं. मामांच्या सासूबाई त्यात होत्या. ते बांध सोप्या पद्धतीचे, माती खाली टाकून केलेले, अरुंद. पावसात फुटायचे, आणि फुटले की परत बोलावणं. कोणाच्या शेतात, कशासाठी, विचारायचं नाही. स्वातंत्र्याच्या आसपास त्यातल्या बऱ्याच बांधांकडे लोकांनी पाठ फिरवली, कारण टेरेस म्हणजे गोऱ्याची वेठ हे समीकरण डोक्यात बसलेलं होतं. मामांच्या सासूबाई म्हणे शेवटपर्यंत शिट्टीचा आवाज आला की दचकायच्या.

गंमत अशी की त्याच काळात काही लोक स्वतःहून वेगळ्या, रुंद टेरेस करत होते. मेरी टिफेन, मायकेल मॉर्टिमोर आणि फ्रान्सिस गिचुकी यांचं मचाकोसवरचं १९९४चं पुस्तक प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जाऊन आलेल्यांनी अशा पायऱ्या भारतात पाहिल्या होत्या, असं त्यात आहे. कांबा जवान ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले होते. मला ते वाचून उगाच छाती फुगल्यासारखं झालं.

मग १९५०च्या दशकात आफ्रिकन शेतकऱ्यांना कॉफी लावायची मुभा मिळाली, पण ती टेरेसवर. कॉफीला पैसा होता. भाजीपाल्याला नैरोबीचा बाजार होता. १९६८च्या सुमारास शेजारच्या कातुमानी केंद्रातून लवकर तयार होणारा मका आला, तो छोट्या पावसात बसायचा. आणि सत्तरच्या दशकात, कोणी शिट्टी न वाजवता, डोंगरच्या डोंगर पायऱ्यांचे झाले. सरकारचा स्वीडनच्या मदतीने चाललेला कार्यक्रमही १९७४पासून होता, पण खणणारे हात घरचेच. १९३२ साली या जिल्ह्यात अडीच लाखांच्या आत माणसं होती, १९८९ साली जवळजवळ चौदा लाख. माणसं पाचपटीहून जास्त झाली आणि माती कमी वाहायला लागली. पुस्तकाचं नावच त्या अर्थाचं आहे: जास्त माणसं, कमी धूप.

खणलं कोणी? बायकांनी. 'म्वेथ्या' म्हणून कांबांची जुनी रीत आहे: आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक, तेच. मामा अजून एका म्वेथ्यात आहेत, चौदाजणी. आणि पैसा कोणाचा? नैरोबीत नोकरी करणाऱ्या नवऱ्यांचा. मामांचे यजमान इथल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९७६-७७ला कॉफीचा भाव चढला तेव्हा घरात दोन्हीकडून पैसा आला आणि त्यात वरच्या चार पायऱ्या झाल्या. सुटीवर आले की तेही खणायचे. टीकाकार म्हणतात की मचाकोसची गोष्ट फार गोड करून सांगितली जाते. ज्यांच्या घरातून कोणी शहरात गेलं नाही ते मागेच राहिले. मला ही टीका बरोबर वाटते. पण तिच्या पोटात एक गोष्ट आहे जिने मला अस्वस्थ केलं: शहरात गेलेल्यांनी पैसा परत पाठवला तो मातीत घातला गेला.

आता तो खालचा तुकडा. दुसऱ्या भेटीत मी फॉर्म न घेता गेलो आणि नीट विचारलं. जमिनीचा कागद अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. सासरे कधीच वारले. खालच्या तुकड्यावर धाकट्या दिराचाही दावा. दीर मोंबासाला, येत नाही, विकतही नाही. २०१०च्या राज्यघटनेने वारसाहक्कात बायकांना बरोबरीचं स्थान दिलं आहे, पण त्यासाठी कोर्टात जायचं, आणि दिराला कोर्टात कसं ओढायचं? मामा म्हणाल्या, "मी खणला तर म्हणतील, हिने ताबा मारला. नाही खणला तर म्हणतात, हिने माती घालवली."

टेरेस म्हणजे दहा-वीस वर्षांचा हिशेब. एका हेक्टराला शेकडो माणसांचे दिवस लागतात. पीक कोणाचं होणार हे ठाऊक नसताना माती वर कोण टाकेल? आमच्या डेटाबेसमध्ये तो कॉलमच नव्हता. सातशे शेतकऱ्यांना आम्ही मेसेज पाठवले होते. परत फोन करून विचारलं तेव्हा कळलं, चर कसा खणायचा हे बहुतेकांना माहीतच होतं. कोणाचा कागद अडकलेला, कोणी दुसऱ्याची जमीन कसणारं, कुठे घरात खणायला कोणी उरलेलंच नाही. अज्ञान हे फक्त आमच्या बाजूला होतं.

घळीचं एक वाईट असतं, ती वर सरकते. पाणी तिच्या डोक्याशी पडून माती खचते आणि ती चढाकडे खात जाते. २०२४च्या मार्च ते मे महिन्यांतला पाऊस आपल्याला आठवतो, नैरोबीत काय झालं ते पाहिलंच आपण. त्या पावसात मामांच्या घळीने सगळ्यात खालच्या पायरीचा कोपरा नेला. सत्तर साली खणलेल्या पायरीचा. मी जूनमध्ये गेलो तेव्हा हत्तीगवताचा एक झुपका मुळांसकट अधांतरी लटकत होता.

आणि त्याच महिन्यात मला पुरंदरहून काकांचा फोन आला. आमचं तिथे थोडं माळरान आहे, उताराचं. आजोबांनी दगडी ताली घातल्या होत्या, बहात्तरच्या दुष्काळात त्यांची डागडुजी झाल्याचं वडील सांगायचे. काका म्हणाले, "अरे, मधली ताल फुटलीय. चुलत्यांनी जेसीबी लावून शेजारचा बांध सपाट केला, आता सगळं पाणी आपल्या अंगावर येतंय. काहीतरी बघ." मी नेहमीचं उत्तर दिलं, "बघतो काका." सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत. त्यातली चार परदेशात. आजोबांची वारसनोंद झाली, वाटणी झाली नाही. सणासुदीला फोनवर तो विषय निघाला की आमच्यातलं कोणीतरी म्हणतं, नेटवर्क जातंय.

त्या वर्षी मी पुण्यातल्या फ्लॅटच्या कव्हर्ड पार्किंगचे पैसे भरले होते. कोणत्याही ताणाशिवाय, एका क्लिकवर. फ्लॅट बंदच असतो. मामांच्या यजमानांचा पगार माझ्या तुलनेत काय असेल? आणि ते बसने जाऊन, मे महिन्याच्या सुटीत, माती वर टाकत होते.

हे मी कोणाला लाजवायला सांगत नाही. इथे बसलेल्या किती जणांच्या नावाने गावाकडे अशा ताली आहेत मला माहीत नाही, पण जेवताना हळूच सांगा.

मी काय केलं ते सांगतो, फार काही नाही. नऊजणांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला. पहिला महिना फक्त गुड मॉर्निंग आले. मग मी ताल फुटल्याचा फोटो टाकला. काकांनी काढलेला, थोडा हललेला. अमेरिकेतल्या चुलतभावाचा तासाभरात फोन आला, की ही तीच ना जिथे आपण बोरं खायचो? आता सहाजणांनी संमती दिली आहे, दोघं विचार करतायत, एकाने ग्रुप सोडला. काकांना मी तालीच्या दुरुस्तीचे पैसे पाठवले, तर त्यांनी विचारलं, "हे कोणाच्या हिश्श्यात धरायचे?" मी म्हटलं, पावती तुमच्या नावाने ठेवा, पुढचं पुढे. काम उन्हाळ्यात निघेल.

मामांच्या दिराला भेटायला माझा ड्रायव्हर मोंबासाला गेला होता. दीर कागदावर सही करायला तयार नाही, पण घळीच्या डोक्याशी दगड टाकायला त्याची हरकत नाही, असं तोंडी म्हणाला. मामांना तेवढं पुरेसं वाटलं. मला वाटलं नाही, पण जमीन त्यांची आहे.

मचाकोसमध्ये आता सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०२०च्या अखेरीपासून लागोपाठ पाऊस हुकले. २०१७पासून लष्करी अळी मक्यात आहे. पुढच्याच वर्षी ती भारतात पोचली आणि काकांच्या चाऱ्याच्या मक्यातही आली. नद्यांतली वाळू ट्रक भरभरून नैरोबीच्या इमारतींसाठी येते; आपल्यातल्या बिल्डर मंडळींनी इथे कानावर हात ठेवले तरी चालेल. आणि उतारांवर प्लॉट पाडल्याच्या पाट्या दिसायला लागल्या आहेत. म्वेथ्यात चाळिशीच्या आतली बाई एकच आहे.

तर शेवटची सूचना, कार्यकारिणीच्या परवानगीने. फेब्रुवारीत मका काढून झाला की म्वेथ्या खालच्या पायरीचा कोपरा बांधणार आहे आणि घळीच्या तोंडाशी दगड रचणार आहे. आपल्या मंडळाची सहल त्या शनिवारी तिथे न्यायची ठरली आहे. मामांनी विचारलं किती माणसं, मी म्हटलं चाळीस. त्या म्हणाल्या, मग जेवण आमचं: मुथोकोई, म्हणजे सडलेला मका आणि घेवडा. आपण चटणी, लोणचं आणि तळलेल्या मिरच्या घेऊन जायच्या. मुलांनी जुने बूट घालावेत. जेंबे, म्हणजे कुदळी, तिथे दहाच आहेत, त्यामुळे ज्यांच्या बागेत आहेत त्यांनी गाडीत टाकाव्यात. पाणसळ मी आणतो. रिव्हर रोडला साडेतीनशे शिलिंगला मिळाली.